मॉडेल-चालित सॉफ्टवेअर विकास: पद्धतींमधील फरकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमध्ये किंवा मिहानमध्ये नव्याने नोकरीला लागलेल्या अभियंत्यांना गेली काही वर्षे मी सॉफ्टवेअर आरेखन शिकवतो आहे. एमबीई, एमडीई, एमडीडी, एमडीए आणि लो-कोड ही नावे त्यांच्या कानांवर बहुधा एकाच आठवड्यात पडतात, आणि ती सगळी एकाच गोष्टीची नावे आहेत असा समज होऊन बसतो. तो समज पुढे महागात पडतो, म्हणून त्यांनी वेळोवेळी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उदाहरण शक्यतो एकच ठेवले आहे: नागपूरच्या कळमना बाजारातील संत्र्याचा लिलाव, आणि त्यासाठी लिहायची संगणक प्रणाली.

मॉडेल म्हणजे नेमके काय? आकृती म्हणजेच मॉडेल का?

नाही. आकृती हे मॉडेलचे एक दर्शन असते. लिलावाच्या प्रणालीत शेतकरी, अडत्या, खरेदीदार, गाडी, आवक, वजन, बोली आणि हिशेबपट्टी या संकल्पना कोणत्या, त्यांचे परस्परसंबंध काय आणि त्यांवर कोणते नियम लागू होतात, याचे ठरलेल्या व्याकरणात केलेले वर्णन म्हणजे मॉडेल होय. तेच वर्णन चौकटी आणि बाणांनी दाखवता येते, तक्त्यात मांडता येते किंवा मजकूर म्हणून लिहिता येते. फळ्यावर काढलेले आणि बैठक संपल्यावर पुसले जाणारे चित्र विचाराला मदत करते, परंतु त्याला व्याकरण नसल्यामुळे यंत्राला ते वाचता येत नाही. येथे ज्या पद्धतींची चर्चा आहे, त्यांपैकी बहुतेकींसाठी यंत्राला वाचता येणे ही पहिली अट आहे.

एमबीई, एमडीई, एमडीडी आणि एमडीए यांचे परस्परांशी नाते काय?

ही वर्तुळे एकात एक बसलेली आहेत, असे मानले म्हणजे बराच गोंधळ मिटतो. सर्वांत बाहेरचे वर्तुळ एमबीईचे, म्हणजे मॉडेल-आधारित अभियांत्रिकीचे; तेथे मॉडेलचा उपयोग महत्त्वाचा असतो, पण सगळे काम त्याच्यावरच चालेल असे नसते. त्याच्या आत एमडीई, म्हणजे मॉडेल-चालित अभियांत्रिकी; येथे सॉफ्टवेअरच्या संपूर्ण आयुष्यातील कामे, म्हणजे विकासाबरोबरच चाचणी, जुन्या प्रणालीचे स्थलांतर आणि जुन्या कोडवरून मॉडेल काढणे हेसुद्धा, मॉडेलवरून चालतात. एमडीईच्या आत एमडीडी, म्हणजे मॉडेल-चालित विकास; त्याचा रोख मॉडेलवरून कोड निर्माण करण्यावर असतो. आणि सर्वांत आत एमडीए, म्हणजे मॉडेल-चालित आर्किटेक्चर: ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या १९८९ मध्ये स्थापन झालेल्या मानक संस्थेने २००० च्या अखेरीस मांडलेली आणि २००१ मध्ये स्वीकारलेली, त्याच संस्थेच्या मानकांवर उभी असलेली एमडीडीची एक विशिष्ट मांडणी.

म्हणून प्रत्येक एमडीए प्रकल्प हा एमडीडी प्रकल्प असतो. उलट मात्र खरे नाही. स्वतःच्या छोट्या भाषेवरून कोड निर्माण करणारी चमू एमडीडी करत असते, पण तिने यूएमएल या एमडीएच्या मानक मॉडेलिंग भाषेला हातही लावलेला नसू शकतो. नोकरीच्या मुलाखतीत ही दोन नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात, आणि तसे करणे चुकीचे आहे. एमडीए हे त्या संस्थेचे नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे, पद्धतीचे सर्वसाधारण नाव नव्हे.

'आधारित' आणि 'चालित' या शब्दांतील फरक केवळ शाब्दिक आहे का?

माझ्या मते या संपूर्ण विषयातील सर्वांत महत्त्वाचा फरक हाच आहे, आणि तो ओळखण्यासाठी एकच प्रश्न पुरतो: मॉडेल आणि कोड यांच्यात तफावत आढळली, तर खरे कोणाचे मानायचे?

जमिनीची खरेदी झाली, कब्जा मिळाला, नव्या मालकाने पेरणीही केली, पण फेरफाराची नोंद झाली नाही, तर सातबाऱ्यावर जुनेच नाव राहते. आणि पुढे कर्ज काढायला गेल्यावर बँक बांधावर येऊन पेरणी पाहत नाही, सातबारा पाहते. मॉडेल-चालित पद्धतीत मॉडेलला हे सातबाऱ्याचे स्थान असते. बदल करायचा तर आधी तेथे नोंद व्हावी लागते, आणि कोड त्या नोंदीवरून पुन्हा निर्माण होतो. मॉडेल-आधारित पद्धतीत मात्र मॉडेल हे समजून घेण्यासाठी, चर्चेसाठी आणि विश्लेषणासाठी असते. कोड माणूस लिहितो, आणि सहा महिन्यांनी दोहोंत अंतर पडले तर लोक कोडवरच विश्वास ठेवतात.

यांतील एक पद्धत दुसरीपेक्षा हीन आहे, असे मला सुचवायचे नाही. नागपूर मेट्रोच्या बांधणीत महामेट्रोने 'फाइव्ह-डी बिम' (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग) वापरले, म्हणजे तीन मितींच्या आराखड्याला वेळ आणि खर्च या आणखी दोन मिती जोडल्या. खांब तरीही माणसांनी आणि यंत्रांनीच उभे केले, पण कोणते काम केव्हा आणि किती खर्चात, हे आराखड्यावर आधी पाहता आले. हे बांधकामाच्या क्षेत्रातील मॉडेल-आधारित काम आहे आणि त्याचे मोल मोठे आहे. अडचण तेव्हा येते, जेव्हा चमू 'आम्ही मॉडेल-चालित आहोत' असे सांगते आणि प्रत्यक्षात रात्री उशिरा थेट कोडमध्ये दुरुस्ती करते.

एमडीएमधील तीन पातळ्या कोणत्या, आणि त्या वेगळ्या कशासाठी?

पहिली पातळी सीआयएम, म्हणजे संगणकाचा विचार न करता केलेले व्यवहाराचे वर्णन: माल बाजारात येतो, त्याची आवक नोंदली जाते, लिलाव होतो, तोलाई आणि हमाली आकारली जाते, अडत, म्हणजे अडत्याची दलाली, लागते आणि शेतकऱ्याला हिशेबाची पट्टी मिळते. दुसरी पातळी पीआयएम, म्हणजे प्लॅटफॉर्म-निरपेक्ष मॉडेल: प्रणालीतील घटक, त्यांचे गुणधर्म आणि नियम येथे नेमकेपणाने येतात, पण डेटाबेस कोणता किंवा भाषा जावा की सी-शार्प, याचा उल्लेख येत नाही. तिसरी पातळी पीएसएम, म्हणजे विशिष्ट प्लॅटफॉर्मसाठीचे मॉडेल; त्यात डेटाबेसची टेबले आणि त्यांच्या 'की', वेब सेवा आणि स्क्रीन येतात, आणि त्यावरून कोड निघतो. एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर जाण्याच्या क्रियेला मॉडेल-परिवर्तन म्हणतात, आणि तेही नियमांनी लिहून ठेवलेले असते.

या विभागणीचे कारण एका खऱ्या प्रसंगातून स्पष्ट होते. जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला. व्यवहाराच्या दृष्टीने हे एका वाक्यातले स्थित्यंतर आहे. परंतु हाताने लिहिलेल्या प्रणालीत 'विक्री रकमेतून अडत वजा करा' हा नियम पट्टीच्या छपाईत, खरेदीदाराच्या बिलात, मासिक अहवालात आणि खातेवहीच्या नोंदीत वेगवेगळ्या ठिकाणी पसरलेला असण्याची शक्यता असते. त्यातली एक जागा सुटली, तरी शेतकऱ्याच्या हातात चुकीची रक्कम पडते. पीआयएममध्ये अडत हा स्वतंत्र घटक असून 'देणारा कोण' हा त्याचा गुणधर्म असेल, तर बदल त्या एका जागी होतो आणि वरील चारही ठिकाणांचा कोड नव्याने निर्माण होतो.

आता दुसरा प्रसंग घ्या. नियम तेच आहेत, पण टेबलावरच्या संगणकावर चालणारी प्रणाली अडत्याच्या मोबाइलवर न्यायची आहे. येथे पीआयएमला हात लावावा लागत नाही. बदलतात ते पीएसएमकडे नेणारे परिवर्तनाचे नियम. व्यवहार एका गतीने बदलतो आणि तंत्रज्ञान दुसऱ्या, म्हणून दोहोंची नोंद वेगळी ठेवायची, हा एमडीएचा गाभा आहे.

एक गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकात पुरेशी ठसत नाही. सीआयएमवरून पीआयएमकडे जाणारी वाट बव्हंशी माणसालाच चालावी लागते. बाजारात उभे राहून, मापाडी आणि अडत्यांशी बोलून, काय प्रणालीत घ्यायचे आणि काय बाहेर ठेवायचे, हे कोणतेही परिवर्तन ठरवून देत नाही.

मेटामॉडेल म्हणजे काय?

मॉडेलचे व्याकरण म्हणजे मेटामॉडेल. कळमन्यात सकाळी आलेली एखादी विशिष्ट गाडी ही सर्वांत खालची, एम-शून्य पातळी. 'गाडी' ही संकल्पना असलेले आपले मॉडेल ही एम-एक. 'संकल्पनेला गुणधर्म असतात आणि संबंध असतात' असे सांगणारे यूएमएलचे मेटामॉडेल ही एम-दोन. आणि अशी मेटामॉडेले लिहिण्याची भाषा, म्हणजे एमओएफ, ही एम-तीन. ती स्वतःचे वर्णन स्वतःच करते, त्यामुळे साखळी तेथे थांबते. एक्लिप्स या प्रोग्रॅमिंग साधनाच्या मॉडेलिंग फ्रेमवर्कमधील 'इकोर' हे याच सर्वांत वरच्या पातळीचे, आटोपशीर आणि प्रत्यक्षात सर्वाधिक हाताळले जाणारे रूप आहे. विद्यार्थ्यांना मी नेहमी इकोरपासूनच सुरुवात करायला सांगतो.

यूएमएल वापरावी की स्वतःची विशिष्ट भाषा तयार करावी?

यूएमएल ही १९९७ मध्ये मानक म्हणून स्वीकारलेली सर्वसाधारण भाषा आहे. तिच्या २.५ आवृत्तीत आकृत्यांचे १४ प्रकार आहेत, आणि कोणत्याही क्षेत्रातील प्रणालीचे वर्णन तिच्यात करता येते. हेच तिचे बळ आहे आणि हीच तिची मर्यादाही. सर्वांसाठी असलेल्या भाषेत 'अडत' किंवा 'आंबिया बहार' या शब्दांना अर्थ नसतो. तो आपल्याला स्टिरिओटाइप आणि प्रोफाइल, म्हणजे भाषेत स्वतःची भर घालण्याच्या सोयी, जोडून द्यावा लागतो, आणि आकृती मोठी झाली की बाजार समितीच्या सचिवांना ती वाचता येत नाही.

क्षेत्रविशिष्ट भाषेत, जिला डीएसएल म्हणतात, शब्दसंग्रहच त्या व्यवहारातला असतो. 'अडत: देणारा खरेदीदार, आधार विक्री रक्कम' अशी ओळ नियम म्हणून थेट लिहिता येते, आणि ती बरोबर की चूक हे प्रोग्रॅमिंग न जाणणारा अनुभवी अडत्याही सांगू शकतो. अशी भाषा बांधण्यासाठी एक्सटेक्स्ट आणि जेटब्रेन्सचे एमपीएस ही साधने उपलब्ध आहेत. त्यांच्यातही मूलभूत फरक आहे: एक्सटेक्स्टमध्ये आपण साधा मजकूर लिहितो आणि पार्सर, म्हणजे मजकुराची रचना ओळखणारा प्रोग्रॅम, त्याचे मॉडेल बनवतो, तर एमपीएसमध्ये आपण थेट मॉडेलच्या रचनेतच बदल करत असतो आणि पडद्यावर दिसतो तो तिचा केवळ प्रक्षेप. त्यामुळे एमपीएसमध्ये मजकुराच्या मधोमध तक्ता किंवा गणिती सूत्र ठेवता येते. मात्र साठवण साध्या मजकुराची नसल्यामुळे आवृत्ती-नियंत्रणात दोन शाखा जुळवताना त्या साधनाचीच मदत घ्यावी लागते.

भाषा बांधणे आणि सांभाळणे हा स्वतंत्र खर्च आहे. एकाच बाजार समितीसाठी एकदाच प्रणाली लिहायची असेल, तर तो करू नये. पण राज्यात तीनशेहून अधिक बाजार समित्या आहेत, त्यांचे व्यवहार बरेचसे सारखे आणि थोडेसे वेगळे आहेत. अशा एकाच कुळातील अनेक प्रणाली करायच्या असतील, तर तो खर्च भरून निघतो.

मॉडेलवरून कोड निर्माण करावा, की मॉडेल थेट चालवावे?

दोन्ही मार्ग रूढ आहेत. पहिल्यात जनरेटर मॉडेल वाचून जावा किंवा एसक्यूएल लिहून देतो. हा कोड नेहमीच्या साधनांनी तपासता येतो आणि त्याची गतीही चांगली असते. दुसऱ्यात इंजिन मॉडेल वाचत वाचतच प्रणाली चालवते. बदल लगेच दिसतो, पण दोष शोधणे अवघड जाते आणि त्या इंजिनावरचे अवलंबित्व कायमचे होते. बीपीएमएन या कार्यप्रवाह मांडण्याच्या भाषेत लिहिलेल्या कार्यप्रवाहांची इंजिने दुसऱ्या मार्गाने चालतात. यूएमएलच्या काही भागाला चालवण्याइतका काटेकोर अर्थ देणारे 'एफयूएमएल' हे मानक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

निर्माण झालेल्या कोडमध्ये हाताने बदल केला तर चालते का?

चालत नाही. अनेक वर्षांपूर्वी मी ज्या चमूत होतो, तेथे ग्राहकाची तातडीची दुरुस्ती आम्ही थेट निर्मित फाइलमध्ये केली. दोन आठवड्यांनी दुसऱ्या सहकाऱ्याने मॉडेलमध्ये एक नवा गुणधर्म घालून कोड पुन्हा निर्माण केला, आणि आमची दुरुस्ती कोणाच्याही लक्षात न येता नाहीशी झाली. ग्राहकाची बिले तीन दिवस चुकत राहिली. दोष साधनाचा नव्हता, आमचा होता.

यावर दोन उपाय प्रचलित आहेत. एक म्हणजे निर्मित फाइलमध्ये खुणा घालून 'सुरक्षित' भाग राखून ठेवणे. तो सोपा वाटतो, पण खूण चुकून पुसली गेली की संरक्षण संपते. दुसरा, आणि मला पसंत असलेला, म्हणजे निर्मित क्लास आणि हाताने लिहिलेला क्लास वेगळ्या फाइलमध्ये ठेवून दुसऱ्याने पहिल्याचा वारसा घेणे. निर्मित फाइली मग निर्धास्तपणे पुसून पुन्हा बनवता येतात.

मोटारी आणि विमाने बनवणाऱ्यांचे 'मॉडेल-बेस्ड डिझाइन' हे हेच का?

कुळ एक आहे, घराणे वेगळे. तेथे मॉडेल संकल्पनांचे नसून नियंत्रणाच्या गणिताचे असते: सिम्युलिंक या साधनात ब्लॉक जोडून ब्रेकचे किंवा इंजिनाचे वर्तन मांडतात, प्रत्यक्ष यंत्र तयार होण्याआधी ते आभासी रूपात चालवून पाहतात, आणि नंतर त्यावरून सी भाषेतील कोड काढतात. नाव 'आधारित' असले तरी हे काम माझ्या वरच्या कसोटीनुसार पुष्कळदा पूर्णपणे 'चालित' असते, हे लक्षात ठेवावे. विमानांच्या सॉफ्टवेअरसाठीच्या डीओ-१७८सी या मानकाला मॉडेल-आधारित विकासासाठी डीओ-३३१ ही स्वतंत्र पुरवणी आहे, यावरून त्या क्षेत्रात ही पद्धत किती रुजली आहे ते कळते. संपूर्ण यंत्रणेच्या, म्हणजे यांत्रिक भाग, विद्युत भाग आणि सॉफ्टवेअर यांच्या एकत्रित मॉडेलिंगला एमबीएसई म्हणतात. त्यासाठीच्या सिसएमएल भाषेची पहिली आवृत्ती २००७ ची आहे.

लो-कोड म्हणजे एमडीडीच ना?

तंत्राच्या दृष्टीने बहुतेक लो-कोड प्लॅटफॉर्म मॉडेल-चालितच असतात: आपण पडदे, डेटा आणि कार्यप्रवाह यांचे मॉडेल मांडतो आणि प्लॅटफॉर्म ते चालवतो किंवा त्यावरून कोड बनवतो. हे नाव २०१४ पासून प्रचारात आले; तंत्र त्याहून जुने आहे. फरक मालकीचा आहे. एमडीडीमध्ये मेटामॉडेल आणि जनरेटर आपल्या हातात असतात, लो-कोडमध्ये ते विक्रेत्याच्या हातात असतात. आपल्या व्यवहारातील एखादी संकल्पना त्याच्या मेटामॉडेलमध्ये बसत नसेल, तर ती बसवण्याचा अधिकार आपल्याला नसतो. म्हणून करार करण्यापूर्वी एक गोष्ट लेखी विचारावी: आमचे मॉडेल आम्हाला कोणत्या स्वरूपात बाहेर काढून मिळेल?

१९८० च्या दशकातील केस साधनांचेच, म्हणजे संगणकाच्या मदतीने सॉफ्टवेअर बनवण्याच्या साधनांचेच, हे नवे नाव आहे का?

आकांक्षा तीच होती. त्या काळातील साधने बंदिस्त होती, एकाचे मॉडेल दुसऱ्यात जात नसे, मोजक्याच प्लॅटफॉर्मसाठी कोड मिळे आणि जनरेटर कसा काम करतो हे वापरणाऱ्याला पाहता येत नसे. एमडीएने मॉडेलच्या देवाणघेवाणीसाठी एक्सएमआय आणि परिवर्तनासाठी क्यूव्हीटी ही मानके आणली. एक्सएमआयचे आश्वासन पूर्णपणे पाळले गेले, असे मला अनुभवावरून म्हणता येत नाही. दोन साधनांमध्ये आकृती नेताना आजही काही ना काही गळते. पण या पद्धती केवळ कागदावर राहिल्या, हे म्हणणेही अन्यायाचे होईल. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरच्या संशोधनातून आलेल्या मास्टरक्राफ्ट साधनांनी मोठ्या व्यावसायिक प्रणाली मॉडेलवरून निर्माण केल्या. मराठी अभियंत्यांनी हा आपल्या घराजवळचा इतिहास अवश्य जाणून घ्यावा.

डोमेन-ड्रिव्हन डिझाइन, एमव्हीसीमधील (मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर या कोड मांडण्याच्या रीतीतील) मॉडेल आणि मशीन लर्निंगचे मॉडेल यांचा याच्याशी संबंध आहे का?

पहिल्याचा आहे, पण थोडा: तेथेही व्यवहाराची भाषा कोडमध्ये आणण्याचा आग्रह असतो, मात्र कोड हाताने लिहिला जातो आणि मॉडेल कोडमध्येच राहते. उरलेल्या दोहोंत केवळ शब्द समान आहे.

कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आल्यावर या सगळ्याची गरज उरते का?

हा प्रश्न आता सर्वाधिक विचारला जातो. जनरेटर आणि भाषिक मॉडेलवर चालणारे साधन यांच्यात एक मूलभूत फरक आहे. त्याच मॉडेलवरून जनरेटर शंभर वेळा चालवला तरी कोड शंभर वेळा तोच येतो, आणि एकदा तपासलेल्या टेम्प्लेटमधून, म्हणजे कोडच्या साच्यातून, आलेल्या प्रत्येक ओळीविषयी खात्री देता येते. मराठीत किंवा इंग्रजीत लिहिलेल्या सूचनेवरून कोड देणारे साधन मात्र तीच सूचना दिली तरी वेगळा कोड देऊ शकते, आणि सूचनेतील मोघमपणा ते स्वतःच्या अंदाजाने भरून काढते. 'अडत वजा करा' असे लिहिले, तर कोणाकडून, हे ते विचारेलच असे नाही.

म्हणून मला या दोन्ही गोष्टी परस्परपूरक वाटतात. व्यवहाराच्या वर्णनावरून मॉडेलचा पहिला मसुदा किंवा जनरेटरचे टेम्प्लेट लिहून घेण्यासाठी अशा साधनाची चांगली मदत होते. मसुदा मेटामॉडेलच्या नियमांवर तपासला जातो, जाणकार माणूस तो वाचतो, आणि पुढील निर्मिती जनरेटर करतो.

लहान चमूने सुरुवात कोठून करावी?

संपूर्ण प्रणाली मॉडेलवर नेण्याचा संकल्प करू नये. जो भाग वारंवार बदलतो आणि ज्याची रचना अनेक ठिकाणी सारखी आहे, असा एकच भाग निवडावा. बाजाराच्या उदाहरणात आकारणीचे नियम आणि पट्टीचे नमुने हा तसा भाग आहे. तो आधी दोन-तीन ठिकाणी हाताने लिहून, नीट चालतो याची खात्री करून घ्यावी, आणि त्या चालत्या कोडवरूनच टेम्प्लेट काढावे. चांगल्या कोडचा नमुना हाताशी नसताना लिहिलेला जनरेटर वाईट कोडच मोठ्या प्रमाणावर निर्माण करतो. मॉडेल, टेम्प्लेट आणि हाताने लिहिलेला कोड एकाच आवृत्ती-नियंत्रणात ठेवावा, आणि कोडची निर्मिती रोजच्या बिल्डचाच, म्हणजे प्रणाली जोडून तयार करण्याच्या कामाचाच, भाग करावी, म्हणजे कोणी निर्मित फाइलमध्ये केलेला बदल दुसऱ्याच दिवशी उघडकीला येतो. जनरेटरची देखभाल कोण करणार, त्याचे नाव पहिल्याच दिवशी ठरवावे, आणि त्याच्या जोडीला दुसरा माणूस तयार करावा. नागपुरातून पुण्याला किंवा हैदराबादला नोकरी बदलून जाणारे अभियंते थोडे नाहीत, आणि जनरेटर जाणणारा एकटाच निघून गेला, तर उरलेली चमू महिन्याभरात निर्मित कोड हाताने दुरुस्त करू लागते.